आमच्या घरांतील तबकड्या

छंद हा शब्द आपण आज फार हलक्या अर्थानें वापरतों. पोस्टाचीं तिकिटें गोळा करणारा मुलगा, कुंडींत गुलाब लावणारी गृहिणी, रोज सायंकाळीं बुद्धिबळाचा पट मांडणारे निवृत्त गृहस्थ, या सर्वांना 'छंद आहे' असें आपण म्हणतों, आणि त्या म्हणण्यांत 'उपयोग कांहीं नाहीं' हा भाव थोडासा लपलेला असतो. संस्कृतांत 'छन्द' म्हणजे इच्छा, मनाचा कल. त्याचाच निकटचा आप्त जो 'छन्दस्' शब्द, त्याचा अर्थ वृत्त असा होतो आणि वेद असाही होतो. हे वेद अनेक पिढ्या कोणीं लिहून ठेविले नाहींत. ते एकाच्या मुखांतून दुसऱ्याच्या कानांत गेले, म्हणून त्यांस श्रुति हें नांव पडलें. मनाची ओढ आणि ऐकून जतन करणें, हे दोन्ही अर्थ जेथें एकत्र येतात असा एक छंद मला आहे, त्याविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आलें. तो छंद म्हणजे जुन्या गाण्याच्या तबकड्या जमविण्याचा.

कल्याणास आमच्या घरीं अशा सुमारें साडेचारशें तबकड्या आहेत. निम्म्याहून अधिक तीर्थरूपांनीं घेतलेल्या. ते रेल्वेंत कारकून होते; पगार बेताचा, घरांत खाणारीं तोंडें अकरा; तरी दिवाळीस स्वतःला धोतरजोडी न घेतां ते एक तबकडी घेत. उरलेल्या मीं शाळेची नोकरी संभाळून मुंबईच्या चोरबाजारांतून, ठाण्याच्या रद्दीच्या दुकानांतून आणि स्नेह्यांच्या माळ्यांवरून मिळविल्या. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. संस्कृत एका शास्त्रीबुवांपाशीं शिकलों आणि तेंच शाळेंत शिकवीत निवृत्त झालों. गाण्याची एकही परीक्षा मीं दिलेली नाहीं. तेव्हां पुढें जें लिहितों तें केवळ एका श्रोत्याचें म्हणणें समजावें.

हा विषय आतांच सुचण्यास घरांतलें एक कारण घडलें. आमची इमारत जुनी झाल्यामुळें ती पाडून तेथें नवी उठावयाची आहे, आणि तोंपर्यंत सर्व कुटुंबास डोंबिवलीस भाड्याच्या तीन खोल्यांत राहावयाचें आहे. सामानाची यादी करतां करतां जेवणाच्या पंगतींत तबकड्यांचा प्रश्न निघाला. चिरंजीवांचें म्हणणें सरळ होतें. "बाबा, यांतलें बहुतेक सगळें गाणें आतां फोनवर ऐकायला मिळतें. चार पेट्यांचें हें ओझें तिसऱ्या मजल्यावर चढवायचें कशासाठीं?" सौ.चा प्रश्न निराळा होता. ती म्हणाली, "गाणारीं सगळीं देवाघरीं गेलीं आणि ऐकणारे सगळे साठीच्या पुढचे. तुमच्यामागें या पेट्या उघडणार कोण, तेवढें सांगा." चिरंजीवांस उत्तर देतां येण्यासारखें होतें, सौ.च्या प्रश्नानें मात्र मला कित्येक दिवस विचार करावयास लाविलें.

प्रथम ही वस्तु काय आहे तें सांगतों, कारण आजच्या मुलांनीं ती हातांतही घेतलेली नसते. जुनी तबकडी लाखेची. झाडावरील बारीक किड्यांपासून मिळणारी लाख, तींत दगडाची पूड आणि रंगासाठीं काजळी, असें हें मिश्रण. लाख बहुतांशीं आपल्याच देशांतून परदेशीं जात असे. ही तबकडी हातांतून निसटली तर काचेप्रमाणें तिचे तुकडे होतात. ती मिनिटास सुमारें ७८ फेरे घेते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटें आणि बारा इंचीच्या एका बाजूस चार-साडेचार मिनिटें गाणें मावतें. सुई पोलादी, आणि तीही एका बाजूपुरती; पुढील बाजूस नवी सुई लावावयाची, नाहीं तर खांचा झिजतात.

१९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि आपल्या देशांत तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणास आरंभ झाला. त्या पहिल्या मोहिमेंतच गौहरजान हिचें गाणें मुद्रित झालें. मुद्रण येथें होई, पण तबकड्या छापल्या जात त्या जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं. तेथील कामगारांना गाणें कोणाचें तें कळावें, म्हणून गाणें संपतां संपतां गायिका स्वतःचें नांव पुकारीत असे. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाला आणि ती गरज उरली नाहीं. परंतु गाण्याच्या शेवटीं आलेलें तें नांव आजही ऐकूं येतें, आणि सव्वाशें वर्षांपूर्वींची एक बाई दारांत उभी राहून 'मीच गायलें हो' असें सांगते आहे असा भास होतो.

बैठकींत तास-दीड तास मांडावयाचा राग त्या काळच्या गवयांना तीन मिनिटांत सांगावा लागे. पूर्वीं तार करतांना शब्दामागें पैसे पडत, म्हणून माणूस शब्द तोलून लिही. तशी ही गायकी आहे. आग्र्याच्या जोहराबाई (मृत्यु १९१३) यांच्या तबकड्या ऐकाव्या. बंदिशीचें तोंड, दोन-चार आलाप, एक लखलखीत तान, आणि संपलें. तरीही कांहीं राहून गेलें असें वाटत नाहीं.

दर रविवारीं दुपारीं चार वाजतां आमच्याकडे या तबकड्या ऐकण्याची बैठक भरते. आम्ही मूळचे चौघे: ठाण्याचे बँकेंतून निवृत्त झालेले एक स्नेही, डोंबिवलीचे होमिओपॅथीचे डॉक्टर, आमच्या आळींतले एक तबलजी आणि मी. नियम दोनच. तबकडी दोनदां ऐकावयाची आणि मगच तोंड उघडावयाचें. आणि गाणें चालू असतां कपबशी वाजतां कामा नये. तोंड उघडल्यावर मात्र नियम नाहीं. अब्दुल करीमखांसाहेबांची आर्तता श्रेष्ठ कीं फैयाजखांसाहेबांचा भारदस्तपणा, यावर डॉक्टर आणि तबलजी गेलीं वीस वर्षें भांडत आहेत, आणि भांडण मिटूं नये अशीच दोघांचीही मनोमन इच्छा असावी असा मला दाट संशय आहे.

या भांडणांत खरी विद्याही असते. जुन्या तबकड्यांचे फेरे नेमके ७८ असतच असें नाहीं. कित्येक त्याहून कमी वेगानें मुद्रित झालेल्या आहेत. मिनिटामागें चार-पांच फेरे जास्त झाले कीं सारा स्वर पेटीच्या एका पट्टीनें चढतो. काळी एकमध्यें गायलेलें गाणें पांढरी दोनमध्यें ऐकूं येतें, ताना आहेत त्याहून चपळ होतात, आणि चाळिशींतली प्रौढ गायिका सोळा वर्षांच्या मुलीसारखी वाटूं लागते. मग 'काय विलक्षण गळा!' म्हणून आपण ज्याची तारीफ करतों तो गळा त्या बाईचा नसतो, यंत्राच्या चुकीचा असतो. दुसरें, लेबलावर रागाचें नांव कित्येकदां भलतेंच छापलेलें असतें. तिसरें, लेबलाजवळच्या गुळगुळीत भागांत मूळ मुद्रणाचा क्रमांक कोरलेला असतो. लेबलें निराळीं असलीं तरी दोन तबकड्या एकाच मुद्रणाच्या आहेत कीं काय, तें त्यावरून ठरतें.

हें काम करतांना मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण होते. तेथील पंडितांनीं १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, आणि त्यासाठीं १,२५९ हस्तलिखितें पाहिलीं. कोणता पाठ मूळचा, कोणता लेखकाच्या हातून शिरलेला, हें एकेका श्लोकागणिक त्यांनीं ठरविलें. आमचें काम त्यापुढें राईएवढें; परंतु जात तीच. पाठभेद पाहिल्यावांचून पोथीवर विश्वास ठेवूं नये, तसें फेरे आणि क्रमांक पाहिल्यावांचून तबकडीवर ठेवूं नये.

गेल्या वर्षापासून डॉक्टरांचा एक तरुण भाचा बैठकीस येऊं लागला आहे. त्याचा ओढा अमेरिकेंतल्या जाझ नांवाच्या संगीताकडे. पहिल्या दिवशीं त्यानें आणलेला कर्ण्याचा तो गदारोळ ऐकून आमच्या तबलजींनीं कपाळाला आठी घातली. पण मुलगा बोलूं लागला तेव्हां आम्ही सारे कान टवकारून बसलों, कारण तो आमचीच भाषा बोलत होता. कोणती प्रत पहिली, मागें साथीला कोण, क्रमांक काय! त्या संगीताच्या मुद्रिकांची पद्धतशीर यादी शार्ल दलोने या फ्रेंच रसिकानें १९३६ सालीं प्रसिद्ध केली, म्हणजे हा छंद परदेशींही शास्त्राच्या पायरीस पोंचला होता. १९३० नंतरच्या दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत अमेरिकेचे कृष्णवर्णीय वादक येऊन हें संगीत वाजवीत, आणि गोमंतकीय वादकांनीं तें आत्मसात केलें. त्यांच्यांतले चिक चॉकोलेट या नांवानें प्रसिद्ध असलेले वाद्यवृंदकार सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या बोलपटांत झळकले, हेंही त्यानेंच सांगितलें. 'अलबेला'चें नांव निघतांच तबलजींची आठी मावळली.

त्यानें सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनांत घर करून राहिली. न्यू ऑर्लिन्स शहरींचा बडी बोल्डन (मृत्यु १९३१) हा या संगीताच्या आद्य प्रवर्तकांपैकीं एक. पण त्याची एकही मुद्रिका उपलब्ध नाहीं. जाझची म्हणून पहिली तबकडी निघाली ती १९१७ सालीं, आणि तीही गोऱ्या वादकांची. फ्रेडी केपर्ड नांवाच्या वादकास त्याआधींच विचारणा झाली होती, पण लोक आपली शैली चोरतील या भीतीनें त्यानें ती नाकारली, अशी आख्यायिका आहे. हें ऐकून डॉक्टर हंसले आणि म्हणाले, "म्हणजे घराण्याची चीज बाहेर जाऊं नये म्हणून जपणारे खांसाहेब तिकडेही होते तर!"

कल्याणकरांस ही कथा परकी वाटण्याचें कारण नाहीं. येथील कल्याण गायन समाजानें जो 'देवगंधर्व महोत्सव' सुरू केला, तो भास्करबुवा बखले यांच्या स्मरणार्थ. बुवा १८६९ सालीं जन्मले आणि १९२२ सालीं वारले. म्हणजे ध्वनिमुद्रण आपल्याकडे येऊन तेव्हां वीस वर्षें होत आलीं होतीं. फैजमहंमदखां, नथ्थनखां आणि अल्लादियाखां अशा तीन थोर गुरूंपाशीं त्यांनीं विद्या घेतली. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी मागें राहिलेली नाहीं. अल्लादियाखांसाहेब तर १९४६ पर्यंत होते, त्यांचीही नाहीं. जो गवई आपण कोणीं ऐकलेला नाहीं आणि ऐकूं शकणारही नाहीं, त्याच्या नांवानें माणसें वर्षानुवर्षें एकत्र जमतात आणि गातात.

मग बुवांचें गाणें गेलें का? १९१६ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली बुवांच्या, आणि त्या बालगंधर्वांच्या तबकड्यांत ऐकूं येतात. त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव. मास्तरांचे शिष्य पंडित राम मराठे (१९२४-१९८९), आणि ते तर आमच्या ठाण्याचे. ठाणें महानगरपालिकेनें त्यांच्या नांवें संगीत समारोह चालू केला. म्हणजे तबकडीवांचूनही तें गाणें गुरुमुखांतून शिष्याच्या गळ्यांत उतरत ठाण्यापर्यंत आलें. अल्लादियाखांसाहेबांच्या विद्येची गोष्ट याहून अद्भुत आहे. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवींतील एक तबकडी १९७७ सालीं अमेरिकेनें 'व्हॉयेजर' नांवाच्या दोन यानांबरोबर आकाशांत पाठविली. पृथ्वीवरील निवडक संगीत सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर कोरलें, त्यांत केसरबाईंचीं तीं साडेतीन मिनिटें आहेत. ती मुद्रिका न्यूयॉर्कमध्यें सहजासहजीं मिळेना. अखेर एका हिंदी कुटुंबाच्या दुकानांत टेबलाखालच्या खोक्यांत सांपडली, असें त्या कामांतील मंडळींनीं लिहून ठेविलें आहे. दुसरें यान ५ सप्टेंबर रोजीं उडालें आणि १६ सप्टेंबर रोजीं केसरबाई वारल्या. २०१२ सालीं त्यांतील एक यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडून पलीकडे गेलें.

तबकडी मोठी कीं गुरु मोठा, असा वाद आमच्या बैठकींत झाला तेव्हां तबलजींनीं भीमसेन जोशी यांची हकीगत काढली. गदगच्या एका दुकानांत अब्दुल करीमखांसाहेबांची झिंझोटींतील तबकडी या मुलानें ऐकली, आणि १९३३ सालीं अकरा वर्षांच्या वयांत गुरूच्या शोधार्थ घर सोडलें. ठिणगी पडली ती तबकडीनें. पण पुढें त्याला विद्या मिळाली ती त्याच खांसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या पायांशीं बसून. चुकलेला स्वर तबकडी दुरुस्त करीत नाहीं. 'पुनः म्हण' असें ती सांगत नाहीं. वेदपाठशाळेंत जी गोष्ट गुरूच्या कानानें होते ती कोणत्याही यंत्रानें होत नाहीं. तेव्हां तबकडी ही गुरूची जागा घेत नाहीं. ती पत्ता सांगते. आणि सांगितलेला पत्ता बरोबर आहे कीं नाहीं, हें कळण्यास पुनः जाणतें माणूसच लागतें.

तें जाणतें माणूस गेलें म्हणजे काय होतें, तें आम्हीं दोन वर्षांमागें पाहिलें. आमचे ठाण्याचे स्नेही अल्पशा आजारानें वारले. मुलें परदेशीं, चार दिवसांच्या रजेंत घर रिकामें करावयाचें. त्यांच्या तबकड्या भांड्याकुंड्यांबरोबर एका जुन्या सामानवाल्याकडे गेल्या. मुलांना मी दोष देत नाहीं. त्यांच्या दृष्टीनें त्या काळ्या थाळ्या होत्या. डॉक्टरांस कळलें तेव्हां आम्ही दोघे दुपारच्या गाडीनें ठाण्यास गेलों आणि त्या दुकानांतून एकशें ऐशीं तबकड्या सोडवून आणल्या.

तबकड्या हातीं आल्या. पण खरी हानि नंतर कळली. त्यांच्या प्रत्येक वेष्टणावर पेन्सिलीनें कांहीं खुणा होत्या. 'का. १', 'पां. २' ही पट्टी, हें आम्हीं ओळखलें. आंकडा म्हणजे मिनिटाचे फेरे, तेंही जुळलें. पण बत्तीस वेष्टणांवर एक लहानशी चंद्रकोर काढलेली होती. त्या बत्तीस तबकड्या आम्ही तीन रविवार ओळीनें ऐकत बसलों. ख्याल, नाट्यपदें, सनई, एक लावणीही त्यांत निघाली. राग एक नाहीं, घराणें एक नाहीं, कंपनी एक नाहीं. चाळीस वर्षें कानांनीं पारखून त्यांनीं ती चंद्रकोर काढली असणार. तिचा अर्थ त्यांच्याबरोबर गेला. तबलजी म्हणाले, "वहिनी होत्या तेव्हां दोघांनीं मिळून ऐकलेल्या असतील." असेलही.

त्या बत्तीस तबकड्यांनीं मला माझ्या घरांतल्या दोन्ही प्रश्नांचें उत्तर दिलें. फोनवर जें गाणें ऐकूं येतें तें कोणाच्या तरी तबकडीवरूनच तेथें गेलेलें असतें. गायकाचें नांव खरें कीं खोटें, वेग बरोबर कीं चूक, तें फोन सांगत नाहीं. तें सांगणारें ज्ञान कागदावर उतरलें पाहिजे. मुंबईस १९९० सालीं 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था स्थापन झाली, आणि ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांनीं ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळांतील हिंदी मुद्रिकांची जंत्री १९९४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. परक्या देशच्या माणसानें एवढें करावें आणि आपण आपल्या माळ्यावरच्या चार पेट्यांची यादीही करूं नये, हें शोभणारें नव्हे.

तेव्हां गेल्या पांच महिन्यांपासून आमच्या घरीं एक मोठी वही चालू आहे. सूनबाई ठाण्यास कचेरींत जाते. रविवारचा तिचा एकच दिवस मोकळा, पण हें काम तिनें आपण होऊन अंगावर घेतलें. तिनें रकाने आंखले: गायकाचें नांव, लेबलाचा क्रमांक, कोरलेला क्रमांक, छापलेला राग, ऐकून ठरलेला राग, पट्टी, फेरे, कोठून व केव्हां मिळाली, आणि शेवटचा रकाना 'मतभेद'. लिहिण्याचें काम नातवाकडे. एका रविवारीं डॉक्टर आणि तबलजी हातघाईवर आले तेव्हां त्यानें वर पाहून विचारलें, "आजोबा, हें भांडणसुद्धां लिहायचें?" मी म्हणालों, "तें आधीं लिही." आतांपर्यंत दोनशें दहा तबकड्या झाल्या. चंद्रकोरीच्या बत्तीसही त्यांत आहेत, आणि खुणेच्या रकान्यांत चंद्रकोर जशीच्या तशी काढलेली आहे. पुढें कोणास तरी उमगेल.

व्यवस्था अशी ठरली आहे. साठ निवडक तबकड्या आमच्याबरोबर भाड्याच्या घरीं येतील, बाकीच्या डॉक्टरांच्या तळमजल्यावरच्या खोलींत राहतील, आणि बैठक तेथेंच भरेल. माझ्यामागें सर्व संग्रह वहीसकट अशा संस्थेस द्यावा, कीं जी त्याच्या प्रती करून कोणाही जिज्ञासूस ऐकूं देईल. कुलपांत ठेवणाऱ्यास देऊं नये. हें मीं चिरंजीवांकडून लिहवून घेऊन खालीं सही केली आहे. सौ.नें कागद वाचून एवढेंच विचारलें कीं बालगंधर्वांच्या तबकड्या साठांत आहेत ना. आहेत.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या माळ्यावर असा एखादा डबा असेल. त्यांस माझी विनंति आहे कीं तो भंगारांत देण्यापूर्वीं एकदां उघडावा. तबकड्या एकीवर एक न रचतां पुस्तकांप्रमाणें उभ्या ठेवाव्या. उन्हाच्या झळीपासून दूर ठेवाव्या. मऊ कोरड्या फडक्यानें पुसाव्या आणि स्पिरिट मुळींच लावूं नये, कारण त्यांत लाख विरघळते. वाजविण्याचें यंत्र नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्या घरीं जावें. आणि घरांत कोणी वडील माणूस असेल तर त्याला शेजारीं बसवून विचारावें कीं ही कोणीं आणली, कधीं आणली, आणि वाजली तेव्हां घरांत कोण कोण होतें. सांगतील तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. आमची वही पाहावयाची असल्यास रविवारीं चारच्या सुमारास यावें. मात्र गाणें चालू असल्यास दार वाजवूं नये, तें लोटलेलेंच असतें.